हरलेल्या दिग्गजांची स्पर्धा : जुने बेसबॉल संघ टेबलावर कसे खेळवायचे

शाळेत मागच्या बाकावर बुक क्रिकेट खेळलेल्यांना हा खेळ समजायला दहा मिनिटं पुरतात. पुस्तक उघडायचं, डाव्या पानाचा शेवटचा आकडा म्हणजे धावा, शून्य आलं की आउट. डावं पान नेहमी सम आकड्याचं, त्यामुळे एक आणि तीन कधी निघायचेच नाहीत, पण त्याची कुणाला फिकीर नव्हती. खरी खोट वेगळीच होती. त्या खेळात गावसकर आणि चंद्रशेखर सारखेच. कसोटीत २४२ बळी आणि अवघ्या १६७ धावा नावावर असलेला चंद्रशेखर इतिहासाच्या पुस्तकाच्या कृपेने सहज शतक ठोकायचा.

ही खोट काढली तर काय होतं, ते अमेरिकेतल्या बेसबॉलच्या टेबलखेळांत दिसतं. १९४१ साली ईथन ॲलन या माजी खेळाडूने प्रत्येक खेळाडूची गोल चकती असलेला ऑल-स्टार बेसबॉल बाजारात आणला. फिरता काटा चकतीवर जिथे थांबेल तो निकाल. १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरमधून डिक साइट्झने ॲपबा काढला आणि १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या हॅल रिचमनने स्ट्रॅट-ओ-मॅटिक. शेवटचे दोन आजही जोरात चालतात. खेळाडूचा एका हंगामातला खराखुरा खेळ एका कार्डावर उतरवायचा आणि बाकीचं फाशांवर सोडायचं, हे दोघांचंही मूळ सूत्र. मी न्यू जर्सीत राहतो. इथल्या हिवाळ्यात मैदानं बंद असतात, बेसमेंट मात्र मोकळं असतं. मी खेळतो स्ट्रॅट-ओ-मॅटिक, म्हणून पुढचं सगळं त्याच्याच हिशेबाने सांगतो.

आधी फासे वाचायला शिका

तीन साधे फासे लागतात, एक पांढरा आणि दोन लाल. शिवाय वीस बाजूंचा एक. पांढऱ्यावर १, २ किंवा ३ आला तर बॅटरचं कार्ड पाहायचं, ४, ५ किंवा ६ आला तर पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं. तो आकडा म्हणजे कार्डावरचा रकाना. लाल फाशांची बेरीज म्हणजे त्या रकान्यातली ओळ. तिथे एकेरी हिट (पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यापर्यंत पोचवणारा फटका), होमरन (बेसबॉलचा षटकार), वॉक (वाईट चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस), स्ट्राइकआउट (तीनदा चुकून आउट) असं काहीतरी छापलेलं असतं. काही ओळींत दोन निकाल असतात, त्यांच्यात निवड करायला वीस बाजूंचा फासा. म्हणजे निम्म्या वेळा बॅटरचं नशीब त्याच्या स्वतःच्या हातात आणि निम्म्या वेळा समोरच्याच्या. माझ्या मते इतक्या साध्या खेळातली ही सर्वात हुशार गोष्ट आहे.

आकड्यांत पाहायचं तर होमरनसाठी गाजलेला बेब रूथ घ्या. १९२७ च्या हंगामात तो ६९१ वेळा बॅट घेऊन उभा राहिला आणि त्याने ६० होमरन मारले, म्हणजे शंभरात ८.७. तीन फाशांच्या एकूण शक्यता २१६, तेव्हा त्यातल्या जवळपास १९ जागी होमरन यायला हवा. त्या काळचे पिचर फारसे होमरन देत नसत, त्यामुळे बहुतेक जागा रूथच्या स्वतःच्या १०८ मध्येच बसवाव्या लागतात. दोन फाशांची बेरीज ७ छत्तीसांत सहा वेळा येते, २ आणि १२ एकेकदाच. म्हणून नवीन कार्ड हातात आलं की आधी ६, ७, ८ या ओळी वाचा. खेळाडूचा जीव तिथेच असतो.

ॲपबाची रीत निराळी आहे. तिथे दोन फासे बेरीज न करता ११ ते ६६ असे वाचतात, पिचरला ए ते डी अशी श्रेणी असते आणि निकाल वेगळ्या तक्त्यावर शोधावा लागतो. जुने खेळाडू त्यावर जीव टाकतात. मला तक्ता शोधण्यात सामन्याची लय तुटल्यासारखी वाटते.

एक घरगुती सूचना. फासे स्टीलच्या ताटात टाकू नका, रात्री अकराला वरच्या मजल्यापर्यंत आवाज जातो. परातीत जुनी सतरंजी घडी करून ठेवली की काम भागतं, शिवाय फासा सोफ्याखाली जात नाही.

संघ निवडताना धागा धरा

नवखा माणूस पहिल्यांदा काय करतो? ‘सर्वकालीन महान आठ’ जमवतो. त्यात १९२७ चे न्यूयॉर्क यँकीज असतात, १९७५ चे सिनसिनाटी रेड्स असतात, १९९८ चे यँकीज असतात. ही स्पर्धा जगात हजारो टेबलांवर खेळून झाली आहे आणि तुमच्या टेबलावर तिच्यातून नवं काही निघण्याची शक्यता कमी. धागा जितका अरुंद, तितकी मजा जास्त.

मी निवडलेला धागा आपल्या माणसाला लगेच पटेल. आपला जीव अर्जुनापेक्षा कर्णावर अधिक. तेव्हा हंगामभर सगळ्यांना लोळवून शेवटी हरलेले आठ संघ घेतले. १९०६ चे शिकागो कब्ज : ११६ विजय, ३६ पराभव, आणि वर्ल्ड सिरीज (नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीगांच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) हरले ती गावातल्याच व्हाइट सॉक्सकडून, ज्यांना लोक ‘हिट नसलेले चमत्कार’ म्हणत. १९३१ चे फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स, ज्यांच्या पिचर लेफ्टी ग्रोव्हने ३१ सामने जिंकले आणि ४ हरले. १९४२ चे यँकीज. १९५४ चं क्लीव्हलंड : १११ विजय, आणि अंतिम मालिकेत न्यूयॉर्क जायंट्सकडून ४-० असा धुव्वा. १९६८ चे सेंट लुइस कार्डिनल्स. १९६९ चे बाल्टिमोर ओरिओल्स, ज्यांना न्यूयॉर्क मेट्सने चकित केलं. १९८८ चे ओकलंड ॲथलेटिक्स. आणि २००१ चे सिॲटल मरिनर्स, ११६ विजय मिळवूनही वर्ल्ड सिरीजच्या दारापर्यंतसुद्धा न पोचलेले.

यादी करताना एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत या लीगांची दारं काळ्या खेळाडूंना बंद होती. म्हणजे माझ्या यादीतले पहिले तीन संघ देशातल्या उत्तमोत्तम खेळाडूंचे नाहीत, फक्त गोऱ्यांमधल्या उत्तमांचे आहेत. जॉश गिब्सनसारखे लोक तेव्हा काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या निग्रो लीगमध्ये खेळत होते. त्यांचीही कार्डं स्ट्रॅट-ओ-मॅटिकने काढली आहेत. पुढच्या खेपेला माझा पहिला संघ तिथूनच येणार आहे.

काळाचं गणित : इथेच बहुतेक स्पर्धा फसतात

कार्ड हे त्या त्या हंगामाच्या सरासरीवर बेतलेलं असतं. १९०६ मध्ये कब्जचा पिचर मॉर्डेकाय ब्राउन याने नऊ इनिंगांमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, सरासरी १.०४ धावा दिल्या (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या सोडून). लहानपणी शेतातल्या यंत्रात बोट गमावलेला हा माणूस त्याच हाताच्या जोरावर चेंडू असा वळवायचा की बॅटर हैराण. पण तो काळही तसाच होता. एकच चेंडू मळेपर्यंत, मऊ पडेपर्यंत वापरत, तो लांब जायचाच नाही. कब्जमध्ये सर्वाधिक होमरन शुल्टेचे, आणि ते होते ७. उलट २००१ च्या मरिनर्सच्या ब्रेट बूनने एकट्याने ३७ मारले.

आता ब्राउन आणि बून समोरासमोर आले तर? पांढऱ्या फाशाने बूनचं कार्ड निवडलं तर होमरनची शक्यता भरपूर, ब्राउनचं निवडलं तर जवळजवळ नाही. निकाल मध्ये कुठेतरी येतो. तिकडे शुल्टेलाही २००१ च्या पिचरच्या कार्डावर छापलेले होमरन आयते मिळतात. अख्खा संघ अख्ख्या संघाविरुद्ध खेळला तर ही ओढाताण बरीचशी आपोआप सावरते, कारण स्वस्त धावांच्या काळातले बॅटर सोबत त्याच काळातले मार खाल्लेले पिचरही घेऊन येतात. याचा नमुना म्हणजे १९३० चे फिलाडेल्फिया फिलीज. संघाची बॅटिंग सरासरी .३१५ (हजार संधींत ३१५ हिट), आणि तरी १०२ पराभव आणि तळाचा क्रमांक!

गडबड होते ती खेळाडू सुटे करून वाटून घेतल्यावर. एखादा चतुर मित्र बॅटर १९३० मधून उचलतो आणि पिचर १९६८ मधून. १९६८ हे असं साल की अमेरिकन लीगचा सर्वोत्तम बॅटर यास्त्रेम्स्की .३०१ वर विजेता ठरला आणि पुढच्याच वर्षी पिचर ज्यावर उभा राहून चेंडू टाकतो त्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० वर आणावी लागली. त्या मित्राला कुणी हरवू शकत नाही, आणि त्यात कौतुक करण्यासारखंही काही नाही. म्हणून पहिला नियम : संघ अख्खा घ्या, फोडू नका. दुसरा : ड्रॉ काढताना जवळच्या काळातले संघ एका बाजूला ठेवा. माझ्याकडे १९०६ ते १९५४ चे चार एका अर्ध्यात, १९६८ ते २००१ चे चार दुसऱ्यात. म्हणजे काळाची मोठी उडी पडली तरी ती अंतिम फेरीत.

घरचे नियम कागदावर, पहिल्या फाशाच्या आधी

हे नंतर ठरवू असं म्हणू नका. एकट्याने खेळताना तर मुळीच नको, कारण आपण स्वतःशीच लबाडी करतो आणि पकडणारं कुणी नसतं.

सर्वात महत्त्वाचा नियम पिचरच्या विश्रांतीचा. तो नसेल तर सेंट लुइसकडून रोज बॉब गिब्सनच खेळेल. १९६८ मध्ये त्याची सरासरी १.१२ होती आणि ३४ सामने सुरू करून त्यातले २८ त्याने स्वतःच संपवले. अशा माणसाला कोण बसवेल? पण खऱ्या वर्ल्ड सिरीजमध्ये तो पहिला, चौथा आणि सातवा सामना खेळला, तोच धागा मी पकडला. १९६९ पर्यंतच्या संघांच्या पिचरला मध्ये दोन सामने विश्रांती, नंतरच्यांना तीन. माझ्याकडून एकदा ग्रोव्हला दुसऱ्याच दिवशी परत उतरवलं गेलं आणि ते कळलं सामना संपल्यावर, वही भरताना. चाळीस मिनिटांचा सामना रद्द करून पुन्हा खेळावा लागला. आता प्रत्येक संघाच्या डब्यावर चिकट कागद लावतो, त्यावर कोण कधी खेळला ते लिहितो.

दुसरा नियम थोडं खेळून गाजलेल्यांचा. मिलवॉकीचा बॉब हेझल १९५७ मध्ये ४१ सामन्यांत .४०३ ने खेळला. त्याचं कार्ड रोज वापरलं तर तो रूथचा बाप ठरेल. हंगामाच्या १५४ सामन्यांपैकी ४१ म्हणजे साधारण पाव हिस्सा, तेव्हा सात सामन्यांच्या मालिकेत त्याला दोनदाच संधी. हा काही सरकारी कायदा नाही, पण नियम एकदा लिहिला की मोह होत नाही.

पिचरऐवजी बॅटिंग करणारा खास खेळाडू अमेरिकन लीगने १९७३ मध्ये आणला. आधीच्या संघांत तो नाही. मी यजमान संघाचा काळ धरतो : सिॲटलमध्ये सामना असेल तर दोन्ही संघांना तो मिळतो, बाल्टिमोरमध्ये नाही. मग एडगर मार्टिनेझसारखा बॅटर बाकावर बसतो आणि पिचर बॅट घेऊन येतो. सिॲटलच्या चाहत्याला वाईट वाटेल, पण घरच्या मैदानाला काहीतरी किंमत हवीच.

मैदानांचे आकडे खेळाच्या प्रगत नियमांत असतात. पहिल्या स्पर्धेत ते सोडून द्या. मात्र ते का असतात हे समजायला १९५४ च्या अंतिम मालिकेचा पहिला सामना पुरतो. न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स हे मैदान अंघोळीच्या टबासारखं लांबट, उजवीकडची भिंत २५८ फुटांवर आणि मधली पार लांब. क्लीव्हलंडच्या विक वेर्ट्झने चारशे फुटांच्या पलीकडे हाणलेला चेंडू विली मेजने पाठमोरा धावत टिपला. आउट. दहाव्या इनिंगमध्ये जायंट्सच्या डस्टी र्‍होड्सने मारलेला चेंडू जेमतेम २६० फूट गेला. होमरन, सामना खलास. क्लीव्हलंड त्या मालिकेत परत उभं राहिलंच नाही.

मॅनेजरच्या चिठ्ठ्या

एकटे खेळत असाल तर दोन्ही बाजूंचे मॅनेजर तुम्हीच. आवडत्या संघाकडे हात झुकतोच. उपाय म्हणजे प्रत्येक संघासाठी आधीच अर्ध्या पानाची चिठ्ठी. त्यात नेहमीची नऊ जणांची क्रमवारी, पिचर कधी बदलायचा, बंट (बॅट नुसती लावून चेंडू जवळच पाडणं) कधी, बेस चोरायचा (पिचरचं लक्ष चुकवून पुढच्या बेसवर धावायचं) कधी. चिठ्ठी त्या माणसाच्या स्वभावाची हवी. बाल्टिमोरच्या अर्ल वीव्हरला बंटचा तिटकारा. दोघांना बेसवर पोचवा आणि तिसऱ्याने होमरन मारावा, हा त्याचा जप. तेव्हा त्याच्या चिठ्ठीवर बंट नाहीच. शिकागोचा फ्रँक चान्स स्वतः खेळणारा मॅनेजर, १९०६ मध्ये त्याने स्वतःच ५७ बेस चोरले, त्यामुळे कब्ज धावणारच. ओकलंडचा टोनी ला रुसा आघाडी असली की शेवटच्या इनिंगला डेनिस एकर्सलीला आणणार, डोळे झाकून.

क्रमवारी कुठून आणायची? बेसबॉल रेफरन्स आणि रेट्रोशीट या संकेतस्थळांवर जुन्या सामन्यांचे तपशील फुकट मिळतात. संघ ज्या मालिकेत हरला, तिच्यातल्या पहिल्या सामन्याची क्रमवारी मी तशीच उचलतो. यात वेळ जातो, एका संघाला एक संध्याकाळ. पण स्पर्धेतला अर्धा आनंद याच संध्याकाळींचा आहे, असं माझं मत बनत चाललं आहे.

किती सामने?

एका सामन्यावर बाद पद्धत ठेवू नका. शंभरात ५५ वेळा जिंकणारा संघ सात सामन्यांच्या मालिकेत सुमारे ६१ टक्के वेळा जिंकतो. फरक फार नाही, पण काहीतरी आहे. तोच संघ अशा तीन मालिका ओळीने जिंकण्याची शक्यता उरते साडेबावीस टक्के. म्हणजे सर्वोत्तम संघसुद्धा बहुतेक वेळा हरतोच, आणि ११६ विजय मिळवणारे का हरले, हे कोड्यासारखं वाटेनासं होतं. आठ संघ, सात मालिका, कमीत कमी २८ आणि जास्तीत जास्त ४९ सामने. सराव झाला की एका सामन्याला अर्धा-पाऊण तास. आठवड्याला तीन सामने धरले तर हिवाळा पुरतो.

एवढं जमणार नसेल तर चार संघ आणि पाच सामन्यांच्या मालिका घ्या. त्यात कमीपणा नाही.

आता खेळा

दोन्ही क्रमवाऱ्या ओळीने मांडा, क्षेत्ररक्षकांची कार्डं मैदानाच्या चित्रावर ठेवा आणि फासे टाका. पहिल्या इनिंगला दहा मिनिटं लागतील, तिसऱ्यापर्यंत हात बसेल.

एक चेंडू जवळून पाहा. सेंट लुइस विरुद्ध ओकलंड, तिसरा सामना, सातवी इनिंग. सेंट लुइस एका रनाने पुढे. ओकलंडचा एक जण दुसऱ्या बेसवर, दोन आउट, आणि समोर होझे कॅन्सेको, १९८८ मध्ये ४२ होमरन आणि ४० चोरलेले बेस. पिचर गिब्सन. पांढरा फासा परातीच्या कडेला आपटून ५ वर थांबला. म्हणजे गिब्सनचं कार्ड. लालांची बेरीज केली तर तिथे हिटही नाही, आउटही नाही, नुसतं शॉर्टस्टॉप आणि पुढे फुली. याचा अर्थ चेंडू शॉर्टस्टॉपकडे गेला आहे, पुढचं त्याच्या हातांवर. क्षेत्ररक्षकांना १ ते ५ असे गुण असतात, १ सर्वात उत्तम. सेंट लुइसचा डाल मॅक्सव्हिल बॅट घेऊन आला की प्रेक्षक पाणी प्यायला उठतील असा, पण १९६८ चं सोनेरी ग्लोव्ह, म्हणजे क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार, त्याचंच. वीस बाजूंचा फासा टाकला, तक्ता पाहिला : पहिल्या बेसवर फेक, आउट. तिथे ढिसाळ हाताचा कुणी असता तर बरोबरी झाली असती. आदल्याच सामन्यात मी बॅटिंगसाठी मॅक्सव्हिलला बसवायच्या विचारात होतो.

तेव्हा बॅटिंग पाहून शॉर्टस्टॉप आणि सेंटरफिल्डर निवडू नका. चेंडू त्यांच्याकडेच सारखा जातो.

वही

प्रत्येक जागेला आकडा असतो : पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, आणि दूरच्या मैदानातले तिघे डावीकडून ७, ८, ९. वरचा आउट वहीत ६-३ असा लिहिला जातो. स्ट्राइकआउट म्हणजे के. बाकीच्या खुणा स्वतःच्या बनवल्या तरी चालतात. बेरजा नंतर संगणकावर करा, सामना चालू असताना मात्र पेन्सिलच हवी, कारण खोडावं लागतंच. आणि प्रत्येक सामन्याखाली तारीख घालून एक ओळ साध्या मराठीत लिहा. तीन महिन्यांनी आकडे पाहून काही आठवत नाही, ‘मॅक्सव्हिलने वाचवलं’ वाचलं की अख्खी इनिंग उभी राहते.

माझ्या स्पर्धेत कब्ज पहिल्याच फेरीत गेले, तेही पाच सामन्यांत. अंतिम फेरी १९५४ चं क्लीव्हलंड विरुद्ध १९६९ चे ओरिओल्स अशी आहे आणि क्लीव्हलंड ३-२ ने पुढे. क्लीव्हलंडच्या पिचरांपैकी लेमन पहिला आणि चौथा सामना खेळला, विन दुसरा आणि पाचवा, म्हणजे डब्यावरच्या कागदानुसार शनिवारी चेंडू माइक गार्सियाच्या हातात. समोर जिम पामर. सामना बाल्टिमोरच्या मैदानात, आणि वीव्हरच्या चिठ्ठीवर बंट अजूनही नाही.